उन्हाचा मुक्काम : गाडीच्या बॅटरीचे उष्णताशास्त्र शिकू पाहणाऱ्यांसाठी प्रस्तावना

खानदेशातल्या जुन्या धाब्याच्या घरात ज्याने मे महिना काढला आहे, त्याला उष्णतेचा एक धडा शिकवावा लागत नाही. भर दुपारी बाहेर झळा मारत असतात, पण आत अंधारा गारवा असतो. लाकडी सऱ्यांवर फांद्यांचा थर आणि त्यावर जाड मातीचे धाबे. ऊन त्या मातीतून खाली उतरायला सारी दुपार खाते. रात्री नऊ-दहाच्या सुमाराला अंगणात वाऱ्याची झुळूक येऊ लागते, तेव्हा तेच घर आतून धग टाकू लागते आणि माणसे गोधड्या घेऊन धाब्यावर झोपायला जातात. मातीने दुपारी ऊन अडवलेले नसते, पोटात साठवलेले असते, आणि ते ती रात्री परत करते.

गाडीच्या बॅटरीचा विषय मी या घरापासून सुरू करतो, कारण बॅटरी उन्हाशी अशीच वागते. शंभर-सव्वाशे किलोचा, एकमेकांना चिकटून बसवलेल्या सेलांचा तो ठोकळा लवकर तापत नाही आणि तापला की लवकर निवतही नाही. वेधशाळेने दुपारी ४५ अंश नोंदवले म्हणून बॅटरी तीन वाजता ४५ अंशांवर असेल असे नाही; आणि रात्री अकराला हवा ३० अंशांवर आली म्हणून बॅटरीही ३० वर आली असेल असेही नाही. उन्हाचा उच्चांक वर्तमानपत्रात छापून येतो. बॅटरीला मोजावा लागतो तो उन्हाचा मुक्काम. या अभ्यासक्षेत्रात नव्याने पाऊल टाकणाऱ्याने, मग तो भौतिकशास्त्राचा विद्यार्थी असो, आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचे काम शिकणारा मुलगा असो की नुकतीच हायब्रीड गाडी घेतलेला शेतकरी, एवढे एक वाक्य मनाशी बांधून पुढे यावे. बाकीचे गणित आपोआप उलगडत जाते.

आता प्लग-इन हायब्रीडविषयी. या गाडीत पेट्रोलचे इंजिन असते, विजेची मोटर असते आणि भिंतीवरच्या प्लगमधून भरता येईल अशी मध्यम आकाराची बॅटरी असते. पहिले ४०-५० किलोमीटर ती निव्वळ विजेवर धावते. त्याला चालक ‘ईव्ही मोड’ म्हणतात. चार्ज संपला की इंजिन सूत्रे हाती घेते. इंजिन आणि मोटर एकाच गाडीत बसवण्याची कल्पना जुनी आहे. फर्डिनंड पोर्शे यांनी १९०० च्या सुमारास तशी गाडी बनवली होती. प्लगवर भरणाऱ्या हायब्रीडचा पाठपुरावा कॅलिफोर्नियातले प्राध्यापक अँड्र्यू फ्रँक यांनी अनेक वर्षे केला. बाजारात अशा गाड्या आल्या त्या चीनमध्ये २००८ साली बीवायडीची एफ३डीएम, अमेरिकेत २०१० च्या अखेरीस शेव्हर्ले व्होल्ट आणि जपानमध्ये २०१३ साली मित्सुबिशी आउटलँडर यांच्या रूपाने. भारतात हा प्रकार बीएमडब्ल्यू आय८ किंवा व्होल्वो एक्ससी९० यांसारख्या महागड्या गाड्यांपुरताच राहिला. नंदुरबारच्या रस्त्यावर दिसतात त्या प्लग नसलेल्या हायब्रीड, विजेच्या मोटारी, ई-रिक्षा आणि दुचाक्या.

मग प्लग-इन हायब्रीडपासून सुरुवात का? कारण ही गाडी बोलते. निव्वळ विजेच्या गाडीत बॅटरी तापली की नियंत्रक गुपचूप शक्ती कमी करतो. चालकाला वाटते, चढ जरा जास्तच असावा. प्लग-इन हायब्रीडमध्ये मात्र बॅटरीने हात आखडता घेतला की इंजिन सुरू होते आणि ते कानांना ऐकू येते. पडद्यावर चार्ज शिल्लक दिसत असताना इंजिन घरघरले, तर समजावे की आत कुठेतरी मर्यादा गाठली गेली. ती मर्यादा बॅटरीच्या तापमानाची असेल, बॅटरीची वीज मोटरला जुळवून देणाऱ्या इन्व्हर्टरच्या तापमानाची असेल, किंवा चालकाने पायाखाली मोटरच्या कुवतीपेक्षा जास्त ताकद मागितली असेल. या तीन कारणांतला फरक ओळखायला शिकणे, हा या शास्त्राचा पहिला पाठ. बहुतेक नव्या विजेच्या वाहनांच्या पोटात साधारण त्याच जातीचे लिथियम-आयन सेल असतात, म्हणून इथे शिकलेले लिथियम बॅटरीच्या ई-रिक्षाच्या चालकालाही उपयोगी पडते.

नंदुरबार हा या अभ्यासासाठी मला महाराष्ट्रातला फार चांगला जिल्हा वाटतो. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा तापीच्या सखल खोऱ्यापासून सातपुड्याच्या माथ्यापर्यंत पसरलेला आहे. प्रकाशा या गावी तापीकाठी मे महिन्यात पाय ठेवणे कठीण, आणि त्याच दिवशी अकराशे मीटरांहून उंच तोरणमाळला यशवंत तलावाच्या काठी सावलीत सुखाने बसता येते. जिल्ह्याबाहेर न जाता एकाच दिवसात इतके वेगवेगळे तापमान आणि इतका चढ मिळणे ही प्रयोग करणाऱ्याची चैन आहे.

आधी तापमानाच्या आकड्याकडे नीट पाहू. हवामान खाते सपाट प्रदेशात उष्णतेची लाट कधी म्हणते? कमाल तापमान निदान ४० अंश असेल आणि ते नेहमीपेक्षा साडेचार अंश किंवा अधिक वर गेले असेल तेव्हा. किंवा पारा थेट ४५ वर पोचला तर. हा पारा पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण माणसाच्या छातीइतका उंच, सावलीत ठेवलेला असतो. गाडी मात्र डांबरावर उभी असते. मेच्या दुपारी डांबराचा पृष्ठभाग साठ अंशांच्या पुढे सहज जातो, आणि प्लग-इन हायब्रीडची बॅटरी बहुधा त्याच डांबराकडे तोंड करून तळाशी किंवा मागच्या आसनाखाली बसलेली असते. बंद गाडीची आतली हवा किती तापते हे अमेरिकेत मोजून २००५ साली प्रसिद्ध झाले आहे: तासाभरात सरासरी २२ अंशांची वाढ, आणि त्यातली बहुतेक पहिल्या अर्ध्या तासात. म्हणजे बाजार समितीबाहेर उन्हात लावलेली गाडी, मालकाचा मिरचीचा सौदा होईपर्यंत, आतून भट्टी झालेली असते.

याच्या शेजारी गाड्यांचा पल्ला मोजणाऱ्या चाचणीचे तापमान ठेवून पाहा. युरोपातली प्रमाण चाचणी २३ अंशांवर होते. भारतीय चाचणीचे दालन २० ते ३० अंशांच्या दरम्यान राखतात. अमेरिकेत एसी लावून घेतलेली खास ‘गरम’ चाचणी आहे, तीही ३५ अंशांवर. नंदुरबारला ३५ अंश म्हणजे होळीच्या आसपासची दुपार. जाहिरातीतला ‘एका चार्जमध्ये इतके किलोमीटर’ हा आकडा खोटा नसतो. तो दुसऱ्या ऋतूतला असतो.

इथे नवशिक्याला चकवणारी एक गोष्ट आहे. थोडीशी गरम बॅटरी त्या क्षणी उत्तम काम करते. उबेने तिच्या आतला रोध कमी होतो, आयन मोकळेपणी फिरतात. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१९ साली विजेच्या गाड्यांवर केलेल्या चाचणीत ३५ अंशांना, एसी बंद असताना, पल्ला सरासरी फक्त ४ टक्क्यांनी घटला. एसी लावल्यावर घट १७ टक्क्यांवर गेली. म्हणजे त्या दिवशीचा तोटा मुख्यतः आपल्या गारव्याचा आहे. तापलेली केबिन निववायला एसी सुरुवातीला दोन-तीन किलोवॉट खेचतो, आणि प्लग-इन हायब्रीडच्या दहा युनिटांच्या छोट्या शिदोरीत हा घास फार मोठा पडतो. त्यात भर म्हणजे अनेक गाड्यांत बॅटरी थंड करणारे शीतक त्याच एसीच्या यंत्रणेतून येते. मागच्या आसनावर बसलेली म्हातारी आई आणि आसनाखालची बॅटरी, दोघी एकाच गारव्याच्या वाटेकरी. दोघींना पुरेनासे झाले की बॅटरीवरचा भार उतरवायला इंजिन सुरू होते आणि ईव्ही मोड तिथेच संपतो.

खरे नुकसान मात्र निमूटपणे होते आणि वर्षांनी कळते. सेलच्या ऋण अग्रावर पहिल्याच काही चार्जमध्ये एक अतिसूक्ष्म पापुद्रा धरतो. तो हवाच असतो. त्याच्यामुळे आतले द्रव सुरक्षित राहते. पण उष्णतेत हा पापुद्रा जाड होत जातो आणि प्रत्येक थरात थोडे लिथियम कायमचे अडकून पडते. जे अडकले ते पुन्हा वीज वाहू शकत नाही. स्वीडनचे स्वांते अऱ्हेनियस यांनी १८८९ साली तापमान आणि रासायनिक क्रियेचा वेग यांचे जे नाते मांडले, तेच इथे लागू पडते. ढोबळ मानाने दर दहा अंशांना वेग दुप्पट धरतात. २५ अंशांवर बॅटरी एक महिना म्हातारी होते तेवढ्या काळात ३५ वर दोन महिने, ४५ वर चार महिने. या ठोकताळ्याने हिशेब करा: मार्च ते मे हे तीन महिने बॅटरी सरासरी ३८ अंशांवर राहिली, तर तिच्या आयुष्यातून सात महिन्यांहून अधिक काळ खर्च झाला. आणि गाडी चालली नाही तरी तो होतो, नुसती उभी असतानाही. बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर आणखी जलद.

म्हणून मी मुक्काम हा शब्द वापरतो. नंदुरबारच्या मिरची व्यापाऱ्यांना तो सांगावा लागणार नाही. शहराबाहेरच्या पथारीवर ओली लाल मिरची पसरतात, तेव्हा एका कडक दुपारीवर कुणी भरवसा ठेवत नाही. लागोपाठच्या दिवसांची बेरीज लागते, आणि मध्येच अवकाळी पाऊस आला तर बेरीज मोडते. बॅटरीचीही बेरीजच असते, फक्त तिच्यात दर दिवसाचे वजन सारखे नसते. गरम तासाचे वजन चढत्या पटीने वाढते. अर्धा वेळ ३० अंश आणि अर्धा वेळ ४६ अंश, याची सरासरी ३८ च येते, पण झीज सतत ३८ अंशांवर राहिलेल्या बॅटरीपेक्षा जास्त होते. गणिताच्या शिक्षकांनी हे उदाहरण वर्गात जरूर करून घ्यावे.

जगात याचा सगळ्यात बोलका धडा अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात मिळाला. २०१२ साली फिनिक्स शहराच्या परिसरातल्या निसान लीफच्या मालकांना आपल्या जवळजवळ नव्या गाड्यांची क्षमता घटल्याचे दिसले. त्या गाडीत बॅटरीला थंड करणारी स्वतंत्र यंत्रणा नव्हती. कंपनीने पुढे क्षमतेची हमी दिली आणि २०१५ च्या मॉडेलमध्ये उष्णता अधिक सोसणारे रसायन आणले. त्याच काळातल्या शेव्हर्ले व्होल्टमध्ये, जी प्लग-इन हायब्रीडच होती, बॅटरीभोवती द्रव शीतक फिरत असे, आणि १६ युनिटांपैकी सुमारे दहाच वापरायला दिली जात. उरलेली राखीव. ही राखीव ठेवण्याची बुद्धी मला शेतकऱ्याच्या बियाण्याच्या कणगीसारखी वाटते.

आता घाट. इथे थोडे थांबू, कारण प्लग-इन हायब्रीडचे उष्णताशास्त्र घाटात जितके उघडे पडते तितके कुठेच नाही. शहाद्याहून राणीपूरमार्गे तोरणमाळ पन्नासेक किलोमीटर आणि चढ सुमारे हजार मीटरचा. चार माणसांसह गाडीचे वजन १,८०० किलो धरा. तेवढे वजन हजार मीटर उचलायला निव्वळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध लागणारी ऊर्जा जवळपास ५ युनिट होते. पन्नास किलोमीटर रस्ता कापायला साधारण साडेसात युनिट, एसीला दोन. बेरीज साडेचौदाच्या आसपास. दहा युनिटांची बॅटरी, त्यातली वापरायला आठ, म्हणजे वीज घाटातच संपणार हे घरून निघतानाच ठरलेले आहे. यात बॅटरीचा दोष नाही आणि उन्हाचाही नाही.

पण वीज संपण्याआधीच इंजिन सुरू होते, ते का? शंभर मीटरला सात मीटर असा चढ ताशी ४० किलोमीटरने चढायला एसीसकट सुमारे २० किलोवॉट लागतात. चाळीस युनिटांच्या मोठ्या विजेच्या गाडीला हे ओझे हलके आहे. तिची बॅटरी या दराने दोन तास पुरेल. दहा युनिटांची बॅटरी अर्ध्या तासात रिकामी होईल, म्हणजे तिच्या प्रत्येक सेलमधून चौपट प्रवाह वाहतो. आणि रोधातून निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. चौपट प्रवाह, सोळापट उष्णता. कंपन्या प्लग-इन हायब्रीडसाठी मुद्दाम कमी रोधाचे सेल निवडतात, त्यामुळे प्रत्यक्षातला फरक इतका उरत नाही. तरी छोटी बॅटरी चढावर मोठीपेक्षा कितीतरी जास्त तापते हे खरेच. शिवाय ती रोज पूर्ण रिकामी होते आणि रोज पूर्ण भरते. वर्षाला विजेवर १५,००० किलोमीटर चालवलेल्या पन्नास किलोमीटर पल्ल्याच्या बॅटरीची ३०० आवर्तने होतात. अडीचशे किलोमीटर पल्ल्याच्या बॅटरीची फक्त ६०. उन्हात दुपारभर उभी राहिलेली बॅटरी घाटाच्या पायथ्याशी ४२ अंशांवर पोचली, तर तिच्याकडे पुढे तापायला जागाच थोडी उरलेली असते. नियंत्रक तिला सांभाळतो आणि इंजिन बोलावतो. इंजिन लागल्यावर त्याचा धुराड्याचा नळही गाडीच्या तळातूनच जातो, ही आणखी एक धग.

उतरताना उलटा प्रश्न येतो. उतारावर मोटर जनित्र होते आणि बॅटरी भरते; पाच युनिटांपैकी निम्म्याहून अधिक परत मिळायला हवीत. पण तापलेली बॅटरी चार्जही हात राखूनच घेते, आणि माथ्यावर मुक्कामात पूर्ण भरून घेतलेली असेल तर घेऊच शकत नाही. मग सारा भार साध्या ब्रेकवर येतो. तोरणमाळचा किंवा चांदसैलीचा घाट उतरणाऱ्याने ही गोष्ट सुरक्षेसाठी लक्षात ठेवलीच पाहिजे: वरून निघताना बॅटरीत थोडी जागा रिकामी असू द्यावी.

हे सगळे आपल्या भागाला अगदीच नवे नाही. कोंडाईबारीच्या घाटात ट्रक बाजूला घेऊन, बोनेट उघडून, गाडी निवेपर्यंत झाडाखाली बसलेले चालक पिढ्यानपिढ्या दिसत आले आहेत. पाण्याची कॅन जवळ ठेवणे, दुपारऐवजी पहाटे निघणे, हे त्यांचे शास्त्र अनुभवाने तयार झालेले आहे आणि त्यातला मोठा भाग बॅटरीलाही लागू पडतो. एकच मोठा फरक आहे. तापलेल्या इंजिनाचा रेडिएटर वाफ सोडतो, काटा लाल रेषेवर जातो. बॅटरीची झीज काही दाखवत नाही. म्हणून जुन्या अनुभवाला इथे मोजणीची जोड द्यावी लागते.

धुळीचा मुद्दा पुस्तकांत फारसा येत नाही, पण खानदेशात तो पहिल्या पानावर हवा. अनेक हायब्रीड गाड्यांत बॅटरी हवेने थंड होते. मागच्या आसनाजवळ एक जाळी असते. तिथून केबिनमधली गार हवा छोटा पंखा आत ओढतो. त्या जाळीमागच्या गाळणीत धूळ बसली, किंवा आसनावर ठेवलेल्या पोत्याने, गोधडीने जाळी झाकली गेली, की बॅटरी गुदमरते. सर्व्हिसिंगमध्ये ही गाळणी साफ झाली का, हे मालकाने स्वतः विचारावे. शहाद्याच्या एखाद्या गॅरेजमधल्या मुलाने एवढीच सवय लावून घेतली तरी त्याच्या हातून कितीतरी बॅटऱ्या वाचतील.

आगीविषयी दोन शब्द, कारण वाचक ते विचारणारच. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात, पुण्यातही, विजेच्या दुचाक्या पेटल्या आणि लोकांनी त्याचा संबंध थेट उन्हाशी जोडला. ऊन सेलला अधिक नाजूक करते हे खरे, पण धड बनवलेला सेल नुसत्या उन्हाने पेटत नाही. आतले दोष आणि बॅटरीवरचे सदोष नियंत्रण यांकडे पाहावे लागते. त्यानंतर केंद्र सरकारने बॅटरी-सुरक्षेची प्रमाणके कडक करून डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने लागू केली. आग हा स्वतंत्र आणि गंभीर विषय आहे. इथे आपण हळू होणाऱ्या झिजेचा अभ्यास करतो आहोत, आणि दोन्हींची सरमिसळ केली तर भीती वाढते, ज्ञान वाढत नाही.

आपल्याला मोकळी असलेली वाट मोजणीची आहे. ॲरिझोनातल्या, कॅलिफोर्नियातल्या गाड्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. ज्या जिल्ह्यात घरांवर पत्रे आहेत, वीज अधूनमधून जाते, गाडी रात्री पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहते आणि सकाळी घाट चढते, तिथली बॅटरी काय सोसते याच्या नोंदी इथल्याच माणसांनी ठेवायला हव्यात. जळगावचे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, त्याची धुळे-नंदुरबारमधली महाविद्यालये आणि तालुक्यातालुक्यातले आयटीआय यांना हे काम सहज जमेल. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. गाडीच्या निदान-खाचेत बसणारे छोटे यंत्र मोबाइलवर बरीच माहिती दाखवते. पुष्कळ गाड्यांत त्यातच बॅटरीचे तापमानही मिळते. भाषेचीही भीती नको. सेल, चार्ज, एसी हे शब्द मराठीच झाले आहेत. ‘रोध’ आणि ‘क्षमता’ शाळेच्या पुस्तकांतून आलेले आहेत. आणि सेलच्या आतल्या त्या थराला ‘पापुद्रा’ म्हटल्याने कोणतेही शास्त्र उणे होत नाही.

सुरुवात साधी करा. एप्रिलच्या एखाद्या दिवशी दोन साधे तापमापक घ्या. एक पत्र्याच्या शेडमध्ये, एक निंबाच्या सावलीत, दोन्ही जमिनीपासून वीतभर उंच टांगा, कारण बॅटरी तिथेच असते. गाडी मिळाली तर आलटून पालटून दोन्ही ठिकाणी लावा आणि बॅटरीचा आकडा बाजूला लिहा. दुपारी तीनला वाचा. सहाला वाचा. मग जेवण करा, गोधडी अंथरण्याआधी दहा वाजता पुन्हा खाली या, आणि तिन्ही आकडे एका ओळीत लिहून ठेवा.